छात्राध्यापकांसाठी अवकाश विज्ञानाचं साहित्य निवडताना आधी ते आपल्या आकाशाखाली तपासा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सांगलीत बीएडच्या सायन्स मेथडला आणि शेजारच्या डीएलएडच्या वर्गाला मिळून अवकाश विज्ञानाचं एक युनिट घ्यायचंय, मुलांनी स्वतः शोधत शिकावं असं साहित्य हवंय, नासा, इस्रो, युरोपियन स्पेस एजन्सी, यूट्यूब असा पीडीएफ आणि लिंकांचा ढीग जमलाय, आठवड्याला दोनच तासिका आहेत आणि पैसे जवळपास नाहीतच, तर यातलं घ्यायचं काय नि सोडायचं काय. मी साताऱ्यात बरीच वर्षं हीच मेथड शिकवतोय, इंटर्नशिपला आमची मुलं कोरेगाव, जावळी, माण भागातल्या झेडपी शाळांवर जातात तेव्हा वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांचे पाठ बघतो, त्यावरून जे कळलंय ते सांगतो.

कुठलंही साहित्य हातात आलं की मी तीनच गोष्टी बघतो. प्रश्न कोण विचारतंय, तो सोडवायची पद्धत कोण ठरवतंय आणि उत्तर कुठून येतंय. ही तपासणी माझी नाही, शिकागोचे जोसेफ श्वाब यांनी १९६० च्या दशकात मांडली, पुढं १९७१ मध्ये हेरॉन यांनी तिच्या पायऱ्या केल्या, पण अजूनही इतकी उपयोगी दुसरी चाळणी मला मिळाली नाही. तिसऱ्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे. उत्तर जर पुढच्याच ओळीत छापलेलं असेल तर वर 'इन्क्वायरी' (शोधत शिकणं) लिहिलेलं असो की 'फाईव्ह ई' (पाच पायऱ्यांची शिकवण्याची पद्धत) लिहिलेलं असो, ते साहित्य माहिती देण्यासाठी वापरा, या युनिटसाठी नको. आपल्याकडं थर्माकोलच्या गोळ्यांची सूर्यमाला घरोघरी होते, रंगकाम सुंदर असतं, मुलं रमतात, पण त्यातून एकही प्रश्न सुटत नाही, कारण त्यात मोजण्यासारखं काहीच नसतं, उलट गुरू आणि पृथ्वी जवळपास सारखेच आणि सगळे ग्रह हातभर अंतरावर हे डोक्यात पक्कं बसतं.

त्याच जागी हे करून बघा. साडेसात सेंटिमीटरची एक मोसंबी टेबलावर ठेवा, ही पृथ्वी. समोर बोर, लिंबू, वाटाणा, आवळा ठेवा आणि विचारा, यातला चंद्र कुठला आणि तो किती लांब ठेवायचा? प्रत्येकानं आधी कागदावर लिहायचं, मग ठेवायचं. बहुतेक जण वीतभर अंतरावर ठेवतात. मग आकडे द्या: पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, चंद्राचा ३,४७४ किमी, अंतर सरासरी ३,८४,४०० किमी. गणित त्यांनीच करायचं. चंद्र येतो दोन सेंटिमीटरचा, म्हणजे चांगलं मोठं बोर, आणि तो जातो सव्वादोन मीटरवर, टेबलाच्या बाहेर. सूर्य याच मापानं सव्वाआठ मीटर व्यासाचा आणि जवळजवळ नऊशे मीटर लांब. हे हिशेब करताना वर्गात जी शांतता होते ना, ती कुठल्याही ॲनिमेशननं होत नाही. खर्च एका मोसंबीचा.

साहित्य निवडायच्या आधी एक काम मात्र टाळू नका. छात्राध्यापकांना स्वतःला काय वाटतं ते लेखी घ्या, नाव न टाकता. उन्हाळा का होतो? चंद्राच्या कला का दिसतात? दुपारी बाराला सूर्य रोज डोक्यावर असतो का? दिवसा चंद्र दिसतो का? इतके चार प्रश्न पुरे. भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेली मुलंसुद्धा उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते असं लिहितात, कला म्हणजे पृथ्वीची सावली हे तर निम्म्याहून जास्त कागदांवर सापडेल. यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी कधी आकाशाकडं बघून ठरवायला लावलंच नाही. ही माणसं दोन वर्षांनी चाळीस मुलांसमोर उभी राहणार आहेत, म्हणून मला हा विषय इतका जिव्हाळ्याचा वाटतो. तर ज्या साहित्यात "मुलं साधारण असं चुकीचं म्हणतील, तेव्हा त्यांना हे करून दाखवा" अशा शिक्षकासाठीच्या सूचना असतील ते वर ठेवा. ज्यात फक्त कृतीच्या पायऱ्या आहेत ते खाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडं बहुतेक जण बघतच नाहीत. बाहेरून येणारं साहित्य चाळीस-पन्नास उत्तर अक्षांशावर बसलेल्या लोकांनी लिहिलंय. सांगली आहे १६.८५ अंशावर, सातारा १७.७ च्या आसपास. त्यांचं आकाश वेगळं, आपलं वेगळं. त्यांच्या वर्कशीटवर सरळ छापलेलं असतं की मध्यान्हीची सावली नेहमी उत्तरेकडं पडते. तुमच्या कॉलेजच्या अंगणात एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करा. २२ डिसेंबरला मध्यान्हीची सावली साधारण ८५ सेंटिमीटर उत्तरेकडं येईल. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तीस. मे महिन्याच्या ७ तारखेच्या आसपास जवळपास शून्य, आणि त्यानंतर ती चक्क दक्षिणेकडं पडायला लागते, २१ जूनला अकरा-बारा सेंटिमीटर दक्षिणेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत शून्य होऊन उत्तरेला वळते. म्हणजे ते वर्कशीट इथं वर्षातले तीन महिने खोटं ठरतं, आणि हे खोटं ठरवणं हीच छात्राध्यापकांसाठी पहिल्या प्रतीची कृती आहे, कारण छापलेलं आणि मोजलेलं यात विरोध आला की कशावर विश्वास ठेवायचा हे त्यांना स्वतः ठरवावं लागतं.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नाहीत हेही काठीच सांगते. आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, सांगली ७४.६ वर, एका अंशाला चार मिनिटं धरली तर सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी सूर्य माथ्यावरच्या रेषेत येतो, आणि तोही वर्षभर सरकत राहतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आसपास तर फेब्रुवारीत पावणेएकला. म्हणून "बारा वाजता सावली मोजा" अशी सूचना असलेलं साहित्य घेतलंत तर तिथं "साडेअकरा ते एक दर पाच मिनिटांनी खुणा करा, सगळ्यात आखूड सावली शोधा" असा बदल करून घ्या. फरशीवर खडूनं खुणा करत बसलेली पोरं स्वतःच विचारतात, अहो सर, बारा तर कधीच वाजले, सावली अजून कमीच होतीय. तो प्रश्न त्यांच्याकडून आला की पुढचा पाठ आपोआप उभा राहतो.

चांदण्यांचंही तसंच. परदेशी नकाशात सप्तर्षी कधी मावळत नाही म्हणतात, आपल्याकडं मावळतो. ध्रुवतारा त्यांच्याकडं अर्ध्या आकाशात, आपल्याकडं क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली, त्यामुळं उत्तरेला डोंगर किंवा बिल्डिंग असली की दिसतच नाही. उलट दक्षिणेकडचे अगस्त्य तारा आणि त्रिशंकू तारकासमूह आपल्याला दिसतात, त्यांच्या नकाशात नसतात. अमावास्येनंतरची कोर त्यांच्या चित्रात उभी, आपल्याकडं बऱ्याचदा होडीसारखी आडवी. म्हणून तारकानकाशा घ्याल तो आपल्या अक्षांशाचा घ्या, किंवा स्टेलॅरियम हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून त्यात गाव सांगली ठेवा. पण ते आधी दाखवू नका, आकाश बघून झाल्यावर, नोंदींशी ताडून बघायला वापरा. आधी स्क्रीन दाखवली की मग कोणी गच्चीवर जात नाही.

आता आपल्याकडं असलेली आणि कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट सांगतो, घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर. तिथी हा चंद्राचा तयार डेटा आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं गेला की एक तिथी. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चालणारी कृती संकष्टीची आहे. वर्षभरातल्या बारा संकष्टींच्या चंद्रोदयाच्या वेळा कॅलेंडरवरून उतरवायला सांगायच्या. साडेआठ ते दहाच्या आसपास सगळ्या येतात. मग विचारायचं, संकष्टीचा चंद्र संध्याकाळी सहाला का उगवत नाही, पहाटे का उगवत नाही? घरात आई, आजी उपास धरून चंद्राची वाट बघत असतात हे सगळ्यांनी लहानपणापासून बघितलंय, पण हा प्रश्न कोणाला पडलेला नसतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, मग रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर, तीन-चार दिवसांत नऊच्या आसपास, हे त्यांनी आकड्यांवरून काढायचं. मग बल्ब आणि काडीवर खोचलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन अंधाऱ्या खोलीत स्वतःभोवती फिरत बघायचं. हा बल्ब-चेंडूचा प्रयोग जगभरच्या प्रत्येक साहित्यात सापडतो, पण आधी पंधरा दिवस खऱ्या चंद्राच्या नोंदी नसतील तर तोही नुसता खेळ होतो. नोंदी करायला रात्री जागायची गरज नाही, वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी शाळा भरताना पश्चिमेकडं अर्धा चंद्र स्पष्ट दिसतो, परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेला दाखवता येतो. शाळा दिवसा भरते, त्यामुळं दिवसा होणाऱ्या कृतींना मी कायम जास्त मार्क देतो.

ऋतूंचा विषय निवडताना सांभाळून. परदेशी पाठात जून ते ऑगस्ट उन्हाळा असतो, आपल्याकडं तेव्हा पाऊस, सगळ्यात कडक ऊन एप्रिल-मेमध्ये. तो पाठ जसाच्या तसा उचलला तर मुलांचा गोंधळ वाढतो. त्यापेक्षा बालभारतीचं सातवीचं भूगोलाचं पुस्तक उघडा, त्यात ऋतुनिर्मिती दोन भागांत दिलीय, सुरुवातीला निरीक्षणं आणि वर्षाच्या शेवटाकडं त्यावरची चर्चा. रचना इतकी चांगली आहे, पण शाळांमधून पहिला भाग वाचून सोडून देतात हे मी अनेकदा बघितलंय. छात्राध्यापकांकडून तोच पहिला भाग खराखुरा करून घ्या. आणि पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४.७ कोटी किमी, जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी, एवढे दोन आकडे फळ्यावर लिहून गप्प राहा. जवळ असताना थंडी कशी? हा वाद त्यांनाच घालू द्या.

साहित्य कुठून आणायचं तर माझा क्रम असा आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं ॲस्ट्रोएज्यु बघा, तिथल्या कृती शिक्षणातला माणूस आणि खगोलशास्त्रज्ञ असे दोघं तपासतात, त्यामुळं चुका कमी, फक्त अक्षांशाची चाळणी आपण लावायची. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट सिम्युलेशन्स फुकट आहेत, बऱ्याच मराठीत आहेत, गुरुत्वाकर्षण आणि कक्षांसाठी दहावीच्या पहिल्या धड्याला उत्तम. अरविंद गुप्तांच्या साइटवर कचऱ्यातून खेळणी आणि मराठी पुस्तकं भरपूर. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, एकदा वर्ग घेऊन जाच. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुलांच्या खगोलाविषयीच्या समजुतींवर, विशेषतः हातवारे आणि आकृत्या वापरून कसं शिकतात यावर, आपल्याच महाराष्ट्रातल्या मुलांबरोबर संशोधन झालंय, छात्राध्यापकांना वाचायला द्या. २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशेस आहेत तिथं, ग्रामीण शाळांची मुलं स्वतःचे प्रयोग मांडतात, जमलं तर तेही. नासाचं साहित्य सुंदर असतं पण बरंचसं त्यांच्या मोहिमांची ओळख करून देणारं, निवडून घ्या.

इस्रोच्या साहित्याबद्दल जरा सविस्तर. त्यात माहिती आणि फोटो भरपूर, मुलांना अभिमानही वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. पण प्रश्न आपल्याला घडवावे लागतात. दहावीच्या अवकाश मोहिमांच्या धड्याला जोडून मी चांद्रयान-३ असं घेतो. त्यातलं विक्रम हे लँडर चंद्रावर उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. त्या दिवसाची तिथी कॅलेंडरवर बघा: श्रावण शुद्ध सप्तमी. म्हणजे आपल्या आकाशात चंद्र अर्धा व्हायला आला होता. प्रज्ञान या रोव्हरला झोपवलं २ सप्टेंबरला, विक्रमला पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी, ४ सप्टेंबरला. उतरायची जागा चंद्राच्या ६९ अंश दक्षिण, ३२ अंश पूर्वेला. आता बल्ब-चेंडू परत काढा, चेंडूवर पेनानं त्या जागी ठिपका द्या आणि शोधा, शुद्ध सप्तमीला त्या ठिपक्यावर ऊन आहे का, किती वेळापूर्वी आलं असेल, कधी जाईल? अमावास्येला का नाही उतरवलं? चेंडू हळूहळू फिरवताना ठिपका उजेडात येतो, चौदा-पंधरा दिवस उजेडात राहतो नि परत अंधारात जातो, आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या यानाला चौदा दिवसांचंच काम का दिलं होतं हे कोणी न सांगता कळतं. सगळे आकडे जाहीर आहेत, कॅलेंडर घरात आहे, उत्तर चेंडूवर दिसतंय. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो, भाषणाऐवजी हे घ्या.

पावसाळ्यात आकाश मिळत नाही, तेव्हा विवरांचा प्रयोग ठेवा. परातीत पांढरी रांगोळी चार बोटं, वर गुलालाचा पातळ थर, गोट्या वेगवेगळ्या उंचीवरून सोडायच्या, खड्ड्याचा व्यास मोजायचा. इथं छात्राध्यापक उंचीही बदलतात नि गोटीही बदलतात, मग तक्ता भरताना अडतात की व्यास कशामुळं वाढला. तेव्हा मध्ये पडू नका, त्यांनाच परत करू द्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे तिथं जे कळतं ते व्याख्यान देऊन कळत नाही. लोणारचं विवर १.८ किमीचं आणि आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या बेसॉल्टमधलं, चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच, एवढं बोललात की अंगणातला दगड आणि चंद्र एका रांगेत येतात.

खरेदीत दुर्बिणीची घाई नको. आधी एक १०×५० ची द्विनेत्री घ्या, भिंतीला टेकवून धरली तर गुरूचे चंद्र दिसतात, चार-पाच रात्री त्यांच्या जागा वहीत काढल्या की गॅलिलिओनं १६१० मध्ये जे केलं तेच त्यांच्याकडून होतं. सूर्याकडं मात्र तिनं किंवा नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे रोज बजावा. सूर्यासाठी खिशातल्या आरशावर कागद चिकटवून मध्ये एक सेंटिमीटरचं भोक ठेवा आणि कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडा. वीस मीटरवरून साधारण १९ सेंटिमीटरची सूर्याची प्रतिमा येते, मोठा डाग असेल तर तोही दिसतो, आणि दोनेक मिनिटांत प्रतिमा स्वतःच्या व्यासाएवढी सरकते. आरसा हलवला कोण असं सगळे एकमेकांना विचारतात, कोणीच हलवलेला नसतो.

आता शेवटचं, हे सगळं शिक्षक होणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळं कृती करून थांबू नका. प्रत्येकाला त्या ढिगातली एकेक पीडीएफ द्या, श्वाबच्या तीन प्रश्नांवर आणि आपल्या अक्षांशावर तपासून दुरुस्त करायला सांगा, मग इंटर्नशिपच्या शाळेत पाच-सहा मुलांबरोबर करून बघू दे. पाठ टाचणात एक कॉलम वाढवा, "मुलं आधी काय म्हणाली", मुलांच्याच शब्दांत. मार्क मी त्या कॉलमला सगळ्यात जास्त देतो, साहित्य किती रंगीत केलं त्याला देत नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटच्या झेडपी शाळा ज्ञानरचनावादासाठी, म्हणजे मुलानं स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचावं या पद्धतीसाठी, राज्यभर गाजल्या, मुलं काय म्हणतात तिथून सुरू करायचं हे त्या शाळांमधून शिकण्यासारखं आहे.

सुरुवात कशानं करायची विचाराल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काठी रोवा. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं असं जवळपास सगळेच म्हणतील, त्यांना मोजू द्या. १ डिसेंबरला मध्यान्हीची सावली ८० च्या आसपास, २२ ला ८५, आणि १४ जानेवारीला ७९ पर्यंत परत आलेली असते. सुट्टीतल्या नोंदींसाठी कॉलेजजवळ राहणारी दोन-तीन मुलं आत्ताच ठरवून ठेवा, नाहीतर नेमकी २२ ते २६ ची पानं कोरी राहतात.